दिवसा मॅडम, रात्री ताई

पत्र : मी संस्थेतर्फे 14 फॉस्टर पालकांच्या, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळणाऱ्यांच्या, घरी गृहभेटी देते. त्यातल्या एक बाई रात्री साडेअकराला फोन करून रडतात. 8 वर्षांची पोरगी पोळ्या चोरून उशीखाली ठेवते, 'घेऊन जा हिला' म्हणतात. भेटीला गेलं की मात्र 'सगळं छान आहे, मॅडम'. फोनवर ताई, ताई. महिन्याला 4000 रुपये मिळतात, तरी ही रड. रात्रीचे फोन कसे बंद करू?

उत्तर : बंद करायचे नाहीत. दिवसा मॅडम आणि रात्री ताई, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी तिथेच अडले.

दिवसा तुमच्या मांडीवर फाइल असते. बाल न्याय कायद्याचं कलम 44 त्या बाईंनी वाचलं नसेल, पण त्याची धास्ती त्यांना पक्की आहे : बालकल्याण समितीची दरमहा पाहणी, आणि सांभाळण्यात घर कमी पडलं तर मूल काढून घेणार. उशीखालची पोळी कागदावर गेली तर पोरगी जाईल, असं वाटणारी बाई 'सगळं छान' नाही तर काय म्हणेल? रात्री फाइल मिटलेली असते, म्हणून ताई आठवते. जिला मूल खरंच नको असतं, ती रात्री रडत बसत नाही. सकाळी समितीपुढे जाऊन उभी राहते.

4000 रुपयांचं वाचून मला राग आला. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेचे ते पैसे मुलीच्या वह्या-चपला, दूध-औषधासाठी आहेत. बाईंच्या जागरणाचा त्यात एक रुपया नाही.

उपाशी राहिलेलं मूल पोट भरल्यावरही साठवतं, ती चोरी नव्हे. हे तुम्हाला माहीत आहे. बाईंना कोणी सांगितलं? तुमचंच काम होतं ते.

या आठवड्यात जा. फाइल ऑफिसातच राहू द्या. ओट्याशी उभं राहून चहा घ्या आणि उशीचा विषय तुम्हीच काढा. झाकणाचा एक डबा न्या, पोरीच्या नावाचा. रोज दोन पोळ्या त्यात, केव्हाही उघडायची मुभा. 'मुलीला मारहाण झाली तर मला लिहावंच लागेल, पण पोळ्या लपवणं हा तुमचा दोष म्हणून मी लिहिणार नाही', हे बाईंना स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि ओट्याशी त्यांनी तुम्हाला काय हाक मारली, ते मला कळवा.