ड्वॉर्फ विझार्ड घेऊ का, असं विचारणारीला

प्रिय पोरी,

तुझी डंजन्स अँड ड्रॅगन्सची एक्सेल शीट पाहिली. त्या खेळातल्या पात्रांच्या नऊच्या नऊ रेस, म्हणजे वंश, पुढे डझनभर रकाने, हिरवा-पिवळा-लाल रंग, आणि सगळ्यात लाल ओळीच्या शेजारी बारीक अक्षरात, "दादा, खरं तर मला हाच खेळायचाय." ड्वॉर्फ विझार्ड, बुटक्या दाढीवाल्या वंशाचा जादूगार. म्हणजे तुझं ठरलंय. तुला फक्त माझी सही हवी आहे, उद्या टेबलावर कुणी हसलं तर दादांनी सांगितलं होतं म्हणायला. सही मिळणार नाही. पण रात्री दीड वाजता असला मेसेज टाकणाऱ्या पोरीला 'घे की बिनधास्त' म्हणून वाटेला लावणंही मला जमत नाही.

आधी हिशेब उरकू, कारण तुझी अर्धी शीट त्यातच गेली आहे. तुमच्याकडे २०१४ चं नियमपुस्तक आणि गुणांचे ठरलेले आकडे, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅरे. इंटेलिजन्सला, म्हणजे विझार्डच्या मंत्रांमागच्या बुद्धीला, तू १५ टाकणार. नोम घेतलास तर त्याचे १७ होतात, हाय एल्फ घेतलास तर १६. दोघांचाही मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, +३. ड्वॉर्फला १५ चे १५च राहतात, मॉडिफायर +२. फरक एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे वीस वेळा फासा टाकलास तर एकदा जाणवणार. पहिल्या लेव्हलचा विझार्ड एका संध्याकाळी आठ-दहा फायर बोल्ट, म्हणजे आगीचे मंत्र, मारतो. म्हणजे दोन रविवारांत एकदा 'श्या, एकाने हुकलं' असं होईल. सेव्ह डीसी, म्हणजे तुझा मंत्र चुकवायला समोरच्याला फाशावर लागणारा आकडा, तेराच्या जागी बारा. मॅजिक मिसाईल या मंत्राला तर नेमाचा फासाच नाही, तो लागतोच. झोपवणाऱ्या स्लीपला आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, ज्यांचे हिट पॉइंट त्या बेरजेत बसतील तेवढे झोपले. तुझी बुद्धी किती ते त्यात कुणी विचारत नाही. खरा चटका एकच आहे: तयार ठेवायच्या मंत्रांत एक कमी. चाराऐवजी तीन. ते टोचेल, खोटं कशाला बोलू.

आणि बदल्यात? माउंटन ड्वॉर्फला मिडियम आर्मर, म्हणजे मध्यम चिलखत, जन्मजात चालतं, आणि ज्याला आर्मर चालतं तो ते अंगावर ठेवून मंत्रही टाकू शकतो. बाकीचे विझार्ड झब्ब्यात फिरतात आणि पहिल्याच गॉब्लिनच्या बाणाने आडवे होतात. वर कॉन्स्टिट्यूशनला, काटकपणाला, दोन जास्त, म्हणजे मार खाऊनही कॉन्सन्ट्रेशन, चालू मंत्रावरचं लक्ष, टिकायची शक्यता जास्त. 'वाया जाईल' म्हणणाऱ्यांनी ही ओळ वाचलेलीच नसते. शिवाय २०२० साली आलेल्या टाशाच्या पुरवणी पुस्तकातला पर्यायी नियम तुमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मान्य केला, तर रेसचे वाढीव गुण हवे तिथे हलवता येतात, आणि मग तुझी ही लाल ओळ शीटमधली सगळ्यात हिरवी ओळ होते. २०२४ च्या पुस्तकात तर गुणांची वाढ रेसकडून काढून बॅकग्राउंडकडेच, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याकडे, दिली. झालं, संपला हिशेब. उडणारी एखादी रेस घेतलीस तर गोष्ट वेगळी, पहिल्या लेव्हलपासून उडणारा गडी अर्ध्या अंधारकोठड्या निकामी करतो. पण तुला उडायचं नाहीये ना? मग शीट बंद कर.

आता मुद्दा. रेस घेताना एकच प्रश्न विचारायचा: दारावर काय होतं? तुझं पात्र रात्री भर पावसात सरायच्या दारावर उभं आहे. आतल्याने झरोका उघडून बघितलं. पुढे काय? त्या जागी एल्फ असता तर जे झालं असतं तेच होणार असेल, तर तू रेस घेतलीच नाहीस, +२ घेतलास.

मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या माणसाला हे समजवायची वेळ येऊ नये. ब्रोकर आधी आडनाव विचारतो, मग 'नॉनव्हेज खाता का', मग 'लग्न झालंय का', आणि बजेट सगळ्यात शेवटी. घर तेच, भाडं तेच, डिपॉझिट तेच. पण तीन माणसं त्याच दारावर उभी राहिली की तीन वेगळ्या गोष्टी घडतात. तू स्वतः अंधेरीत खोली शोधत फिरलीस तेव्हा रोज संध्याकाळी मला फोन करून हेच तर सांगायचीस, आणि तीच तू आता डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसणं, साठ फूट की नाही ते मोजत बसली आहेस!

डार्कव्हिजनवरूनच बघ. सगळे ते फुकटच्या सवलतीसारखं घेतात. माझ्या टेबलावर एकदा चार जणांना अंधारात दिसत होतं आणि पाचवा होता माणूस, फायटर. एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार. मशाल धरणार कोण? आणि मशाल पेटवली की वीस फुटांपर्यंत लख्ख उजेड, पुढचे वीस फूट मंद. म्हणजे चौघांनी अंधारात लपून जायचा बेत गेलाच. त्या भुयारात दोन तास नुसता हाच वाद चालला: याला मागे ठेवायचं, हात धरून न्यायचं, की मशाल पेटवून सगळ्यांनी उघडं पडायचं? शेवटी नोम रोगने, म्हणजे पार्टीतल्या चोरट्याने, त्याच्या कमरपट्ट्याला दोरी बांधली आणि ओढत नेला. माणूस ही सगळ्यात 'साधी' रेस म्हणतात. त्या रात्री टेबलावर एकच रेस होती आणि ती माणसाची होती. याला मी दारावर काय होतं म्हणतो. दार लाकडाचंच हवं असं थोडंच आहे.

एके काळी हे काम नियमच करायचे, तेही दांडगाईने. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला संच आला, त्यात ड्वॉर्फला फक्त फायटर होता येत होतं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. पुढे १९७८ च्या पुस्तकात चक्क एक तक्ता छापला होता, कोणत्या रेसचं कोणत्या रेसशी कितपत पटतं त्याचा. ड्वॉर्फला एल्फ आवडत नाहीत, हाफ-ऑर्क तर दोन डोळ्यांनी बघवत नाहीत. १९८९ ची दुसरी आवृत्ती आली तरी ड्वॉर्फला विझार्ड होण्याची बंदी कायम. ती उठली २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. तू जे विचारते आहेस ते आधी सव्वीस वर्षं नियमातच बसत नव्हतं, बाई.

गायगॅक्सचं म्हणणं उघड होतं: जग माणसांचं आहे, एल्फ-ड्वॉर्फ पाहुणे. शेकडो वर्षं जगणारा, अंधारात बघणारा एल्फ कुठेच अडत नसेल तर माणूस कोण खेळेल? म्हणून लेव्हलची मर्यादा. नियम वाईटच होता, कारण किंमत नको तिथे लावली होती. बहुतेक कॅम्पेन, म्हणजे सलग चालणाऱ्या कथा, त्या लेव्हलपर्यंत पोचायच्या आतच बारगळायच्या, म्हणजे फायदा पहिल्या दिवसापासून आणि बिल कधीच नाही. पण दुखणं त्याने बरोबर ओळखलं होतं. नव्या पुस्तकांनी मर्यादा काढली, तक्ता काढला, छान केलं, मी टाळ्या वाजवल्या. फक्त दारावर काय होतं याचं उत्तर आता पुस्तकात नाही, ते तुम्हाला टेबलावर द्यावं लागतं. आणि बहुतेक टेबलांवर ते कुणी देत नाही. पाच खेळाडू, पाच रेस, एकाला शिंगं, एकाला खवले, एक चार फुटी, आणि सरायवाला सगळ्यांना एकाच सुरात 'या बसा, काय घेणार' म्हणतो. मग रेस म्हणजे गणेशोत्सवातल्या फॅन्सी ड्रेसचे कपडे.

माझ्या टेबलाबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. 'दादांच्या गेममध्ये फार त्रास होतो.' होतो. एकदा हाफ-ऑर्क पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, गावच्या वेशीवर अडवलं, म्हटलं कुऱ्हाड इथे ठेव आणि पाटलाचा निरोप येईपर्यंत थांब. पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, फूट. क्लेरिक, म्हणजे पुजारीण, म्हणाली आपण आत जाऊन जेवून येऊ, हाफलिंग मागच्या स्वयंपाकघरातून आत शिरला, पॅलाडिन वेशीवरच्या म्हाताऱ्या रखवालदाराशी गप्पा मारत बसला, आणि त्या म्हाताऱ्याने त्याला जे सांगितलं त्याच्यावर पुढची सगळी कॅम्पेन उभी राहिली. संध्याकाळभर एकही हल्ल्याचा फासा पडला नाही. गिरगावातून डोंबिवलीला जायचं असलेले लोक शेवटच्या गाडीपर्यंत हलले नाहीत. याला त्रास म्हणत असतील तर म्हणोत.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, नाहीतर तू माझं ऐकून नको तिथे आडमुठेपणा करशील. एक मुलगा टीफ्लिंग, म्हणजे शिंगंवाल्या वंशाचं पात्र, खेळायचा. पुन्हा एका सरायचं दार त्याच्या तोंडावर बंद झालं तेव्हा त्याने फासे थैलीत भरले आणि म्हणाला, "दादा, हे मला बाहेर फुकट मिळतं." सगळे गप्प. दोघा-तिघांनी नंतर मला सांगितलं, काढून टाक हे सगळं, खेळ आहे, मजेसाठी येतात लोक. मी काढलं नाही. आजही माझं मत तेच आहे. सगळी दारं सताड उघडली असती तर त्या मुलाची शिंगं फक्त चित्रापुरती उरली असती. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कोणत्या दारावर काय झालेलं तुला खेळायला आवडेल? तो पटकन म्हणाला, एकदा तरी फक्त मलाच आत घ्या आणि बाकीच्यांना बाहेर उभं करा. मग बंदरात एक सावकार आणला, शिंगंवाल्यांखेरीज कुणाशी व्यवहार न करणारा. एल्फ बाहेर पावसात उभा, आत टीफ्लिंग गरम काहीतरी पीत भाव करतोय. तो मुलगा पुढे बराच काळ खेळला. तेव्हा दारावर काही तरी झालंच पाहिजे, हे मी सोडणार नाही. काय व्हावं, हे मात्र दारात उभं राहणाऱ्याला आधी विचारायचं, कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी, सेशन झीरोला. जे आयुष्यात रोज झेलावं लागतं तेच रविवारी कुणाला नको असेल तर नको. मी खेळात राजकारण आणतो म्हणून काही जण सोडून गेले. त्यांना दार दिसलं की राजकारण दिसतं, मी काय करणार.

तुझ्या लाल ओळीचा मला एवढा पुळका का, तेही सांगून टाकतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक माझ्याकडे होतं, शेवटची पानं नसलेलं. त्यावरून मी एक ड्वॉर्फ रचला होता. खाणीतल्या हिशेबनिसाचा मुलगा, आकडेमोड करता करता चुकून मंत्र सापडलेला. नियमात बसत नव्हता. नियम बदलेपर्यंत आमच्या ग्रुपला टेबल चालवायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि डीएमला पात्र नसतं. तो अजून वहीतच आहे. म्हणून 'दादा, वाया जाईल का' असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. वाया काय जाईल? दोन रविवारांतून एक फायर बोल्ट?

तर आता काम. तुझ्या ड्वॉर्फच्या घरच्यांना तो मंत्र शिकतो हे माहीत आहे का? माहीत असेल तर त्याच्या आजीच्या दारावर काय होतं? विझार्डांच्या मठात सगळे उंच, टेबलं उंच, पुस्तकांचे फडताळ उंच. तिथल्या दारावर काय होतं? तुमच्या पार्टीत एल्फ कोण आहे, आणि त्याच्यासाठी कोणतं दार तू उघडू शकतेस जे त्याला उघडणार नाही? एवढं लिहून काढ. आवाज, दाढी, कुऱ्हाडीचं नाव, हे सगळं नंतर. ड्वॉर्फ म्हटला की दारू आणि ढेकर, हे तर माझ्यासमोर आणूच नकोस.

आणि तुझ्या डीएमला आज फोन कर. मेसेज नको, मेसेजवर लोक अंगठा दाखवून मोकळे होतात. सरळ विचार, तुझ्या जगात ड्वॉर्फ विझार्ड दारावर आला तर काय होतं. तो जरा थांबून विचार करू लागला, 'एक मिनिट हां' म्हणाला, तर ड्वॉर्फ पक्का कर आणि उरलेल्या आठ ओळी डिलीट कर. आणि 'आपल्याकडे सगळे सारखेच, तू काहीही घे' असं उत्तर आलं, तर सरळ नोम घे. एक मंत्र तरी जास्त मिळेल.

तुझा,
दादा