नट काढूनही चाक हबवरून (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) सुटत नाही, काय करावे?

सर्व नट पुन्हा बसवून प्रत्येकी साधारण एक आटा सैल ठेवावेत, गाडी जॅकवरून खाली घ्यावी आणि मोकळ्या सपाट जागेत अगदी सावकाश हातभर पुढे-मागे करावी. गाडीच्याच वजनाने चाक बहुधा ‘टक्’ आवाज करून सुटते. पावसाळ्याआधी टायर बदलताना गोव्यात हे वरचेवर घडते, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी हब आणि अलॉय चाकाचे मधले भोक यांच्यामध्ये तांबूस गंज व अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचून दोन्ही भाग जणू एकजीव होतात. तेवढ्याने न भागल्यास त्या सांध्यात गंज सोडवणारे तेल थोडेसे मारून अर्धा तास थांबावे, मग गाडी भक्कम स्टँडवर घेऊन टायरला आतल्या बाजूने लाकडी ठोकळ्याने आळीपाळीने ठोके द्यावेत. रिमवर थेट हातोडा घालू नये, अलॉय तडकते. तेल ब्रेक डिस्कवर उडाल्यास ते लगेच ब्रेक क्लीनरने पुसावे. नवे टायर चढवण्यापूर्वी हब तारेच्या ब्रशने घासून फक्त मधल्या कड्याला अँटी-सीझचा (धातूचे भाग एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्यावा, स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या आटेदार दांड्याच्या) आट्यांना नव्हे. मात्र नटाबरोबर स्टडच फिरू लागला, तर हे सारे थांबवून गाडी गॅरेजकडेच सोपवावी.