पाठीवर मोठा कॅमेरा, पायी मराठवाडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अंबाजोगाई): थंडीत बालाघाटाच्या रांगेतून आठ दिवस पायी फिरायचा बेत आहे. सोबत ४×५ इंची लाकडी फील्ड, म्हणजे घडीचा, कॅमेरा असेल. सामान आणि फिल्म किती घ्यावी?

उत्तर: आधी फिल्मचा हिशेब करा, सामान त्यावरूनच ठरतं. पाठीवरून उतरवलेला कॅमेरा फोटो काढून परत पाठीवर चढेपर्यंत वीस ते तीस मिनिटं जातात. दिवसाला पाच फोटो धरले तर दोन-अडीच तास त्यातच गेले. म्हणून एरवी सहज पंचवीस किलोमीटर चालणाऱ्यानंही या कॅमेऱ्यासोबत दिवसाला बारा ते पंधराच किलोमीटर धरावेत. आठ दिवसांना चाळीस शीट, म्हणजे फिल्मचे सुटे तुकडे, लागतील. २५ शीटची दोन खोकी घ्या आणि तिसरं रिकामं खोकं फोटो काढलेल्या शीटसाठी ठेवा. त्यावर रंगीत चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, म्हणजे अंधारातही ते बोटांना ओळखू येईल.

होल्डर, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटी, सहा पुरेत. प्रत्येकात दोन म्हणजे बारा शीट, आणि दर दोन रात्रींनी भरणी, म्हणजे होल्डरांत नवी फिल्म घालणं. दहा-बारा होल्डर नेण्याचा मोह होतो, पण सहा होल्डरचंच वजन किलोभर भरतं. कॅमेरा दीड ते दोन किलो, १५० मिलिमीटरची एकच लेन्स बोर्डासकट तीन-चारशे ग्रॅम, हेडसह स्टँड दोन किलो, आणि काळं कापड, लूप (फोकस तपासायचं भिंग), स्पॉट मीटर (एकाच जागेचा उजेड मोजणारा), केबल रिलीज (हात न लावता शटर दाबायची तार), चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म भरायची पिशवी) मिळून आणखी एक किलो. म्हणजे सहा-साडेसहा किलो कॅमेऱ्याचेच झाले. त्यावर तीन लिटर पाणी, अंथरूण-पांघरूण, कपडे. दुसरी लेन्स न्यायचीच असेल तर एखादं भांडं घरी ठेवा, पण स्टँड हलका करू नका. दुपारचा वारा सुटला की कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे बेलोज, शिडासारखा वारा धरतो आणि हलक्या स्टँडवर एफ/२२ला, म्हणजे लेन्सचं भोक बरंच लहान करून, अर्ध्या सेकंदाचा फोटो हमखास हलतो. स्टँडच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबती पिशवी झुलते आणि उलट जास्त हलवते.

फिल्मची खोकी पिशवीच्या मध्यभागी कपड्यांत गुंडाळून ठेवा, वरच्या कप्प्यात कधीच नको. काळे होल्डर उन्हात चटकन तापतात, म्हणून जेवायला झाडाखाली बसलात तर पिशवीही सावलीतच ठेवा.

प्रश्न (परभणी): बारा शीटपैकी दोनांवर दोन-दोन फोटो आले आणि एक पूर्ण काळी निघाली. चूक कुठे झाली?

उत्तर: तिन्ही चुका डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधली फिल्म झाकणारी सरकती पट्टी, आणि शटरच्या क्रमातल्या आहेत. डार्क स्लाइडच्या दांडीची एक बाजू पांढरी किंवा चंदेरी असते आणि तिच्यावर बोटाला लागणारे उंचवटे असतात. दुसरी बाजू काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो झालेला. फोटोनंतर स्लाइड न उलटता घातली की ती शीट कोरीच वाटते आणि दुसऱ्यांदा वापरली जाते. काळी निगेटिव्ह म्हणजे भरपूर प्रकाश लागला: एकतर फोकससाठी उघडलेली लेन्स बंद करायची राहिली, नाहीतर पुढच्याऐवजी मागची, फोकस बघायच्या काचेकडची स्लाइड ओढली गेली. याउलट निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ निघाली, तर शटर चढवलं नव्हतं किंवा स्लाइड काढलीच नव्हती.

क्रम एकच ठेवा आणि तोंडानं म्हणत करा: लेन्स बंद, अ‍ॅपर्चर, वेळ, शटर चढवलं, एकदा रिकामं चालवून पाहिलं, परत चढवलं, होल्डर आत, पुढची स्लाइड बाहेर, फोटो, स्लाइड उलटून आत, होल्डर बाहेर. मध्येच कुणी गावकरी येऊन काय चाललंय असं विचारू लागले, तर आधी स्लाइड आत घाला आणि मग बोला. स्लाइड ओढताना होल्डरवर काळं कापड टाका. कडक उन्हात स्लाइडच्या फटीतून प्रकाश शिरतो आणि निगेटिव्हच्या कडेला गडद पट्टा येतो.

प्रश्न (जालना): प्रिंटवर आभाळात बारीक काळे ठिपके येतात. होल्डर दर वेळी पुसतो, तरी येतात.

उत्तर: ठिपके काळे आहेत यातच कारण सापडतं. फोटो काढताना फिल्मवर कण बसलेला असेल तर तेवढ्या जागी प्रकाश पोचत नाही, निगेटिव्ह तिथे पारदर्शक राहते आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. प्रिंट करताना बसलेल्या धुळीचा ठिपका पांढरा असतो. म्हणजे तुमची धूळ भरणीच्या वेळची किंवा भात्यातली आहे.

आपली काळी कापसाची जमीन पावसात पायाला आणि स्टँडला चिकटते, सुकली की पिठासारखी उडते. बैलगाडीच्या वाटेनं चालताना पिशवीची चेन बंद असूनही ती आत जाते. होल्डर दोन-दोन करून चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवा. संध्याकाळी कॅमेरा उघडून तोंड खाली धरा, भाता पूर्ण ताणा आणि बाहेरून हलक्या टिचक्या मारा. कोरडं फडकं होल्डरवर जोरात घासू नका. त्यानं स्थिर वीज तयार होते आणि धूळ जास्तच ओढली जाते. मऊ रुंद ब्रश घ्या. थंडीतल्या कोरड्या हवेत डार्क स्लाइडही झटक्यानं ओढू नका, कारण तेच.

भरणीसाठी मुक्कामाची खोली निवडताना पंखा बंद करा, जमिनीवर पाण्याचा हलका सडा मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. लॉजवर असाल तर आंघोळीनंतरची मोरी उत्तम: दमट हवेत धूळ खाली बसते. मात्र हात पूर्ण कोरडे हवेत. चेंजिंग बॅगेत दहा मिनिटांत हातांना घाम सुटतो, म्हणून एका दमात तीनच होल्डर भरा, हात काढून पुसा, मग उरलेले. शीट कडेनंच धरा. शीट उभी धरली आणि तिच्या कडेच्या खाचा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लागल्या, की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, तुमच्याकडे आहे. उलटी भरलेली कृष्णधवल शीट फिकी निघते आणि चित्राची डावी-उजवी बाजू बदलते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): वेरूळच्या लेण्यांत आत फोटो काढायचे आहेत. किती वेळ द्यावा?

उत्तर: स्टँड लावायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढा, दारावर जाऊन मागू नका. मंगळवारी वेरूळ बंद असतं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपार कलल्यावर उजेड आत खोलवर येतो. सकाळी मीटर ज्या जागी एक मिनिट सांगतो, तिथे चार वाजता बरंच कमी भागतं. स्टँडच्या पायांना रबरी बूच लावा, कोरीव दगडावर लोखंडी टोकं टेकवू नका.

आता वेळ. एका सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते आणि मीटरचा आकडा अपुरा पडतो. इलफर्डच्या एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी मीटरचे सेकंद १.२६ या घातांकानं वाढवायचे. दहाचे अठरा होतात, तीसचे त्र्याहत्तर, साठचे जवळपास तीन मिनिटं. हा तक्ता होल्डरच्या पिशवीवर चिकटवून ठेवा.

मूर्तीचा जवळून फोटो असेल तर त्याआधी भात्याचा हिशेब येतो. भाता किती ताणला ते मोजा, त्याला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा आणि येईल त्या संख्येचा वर्ग करा. १५० ची लेन्स आणि २१० मिलिमीटर भाता म्हणजे १.४ चा वर्ग, जवळपास दुप्पट वेळ. मीटर १५ सेकंद सांगत असेल तर आधी तीस करा, आणि मग तीसचे त्र्याहत्तर. क्रम उलटा केला तर एकसष्टच येतात आणि खांबांमागची सावली निगेटिव्हवर कोरी राहते. फिल्टर असेल तर त्याचा गुणकही याच पहिल्या पायरीत धरा.

मधून चालत गेलेले लोक एवढ्या वेळात उमटत नाहीत. कुणी समोर थांबलंच, तर लेन्सपुढे टोपी धरून मोजणी थांबवा आणि ते गेल्यावर पुढे मोजा. टोपी लेन्सला लागू देऊ नका.

कैलास लेण्याच्या आवारात मागे सरकायला जागा कमी, तिथे ९० ची लेन्स लागते. कॅमेरा वर न वाकवता लेन्स बसवलेला पुढचा बोर्ड वर सरकवा, खांब उभेच राहतील. काचेच्या कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे बघा. अ‍ॅपर्चरचं भोक पूर्ण दिसत नसेल, तर तो कोपरा काळा येणार.

प्रश्न (पैठण): नाथांच्या पालखीबरोबर चालताना हा कॅमेरा न्यावा का?

उत्तर: न्या, पण चालत्या दिंडीचे फोटो त्यावर काढू नका. विसाव्याला झाडाखाली बसलेल्या माउलींचं व्यक्तिचित्र हे त्याचं काम. आधी विचारा, काचेवरचं उलटं चित्र त्यांनाही बघू द्या. ४०० आयएसओच्या फिल्मवर दाट नसलेल्या सावलीत एफ/१६ला १/६० च्या आसपास मिळतं. आषाढी जवळ आलेली असते, तेव्हा होल्डरवर प्लास्टिक हवंच.

प्रश्न (लातूर): एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३२ अंशांवर असतं. परतल्यावर फिल्म कशी धुवावी?

उत्तर: २० अंशांचा हट्ट सोडा, २४ वर सगळी द्रावणं सारखी ठेवा. एफपी४ प्लसला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं द्रावण) १+१ प्रमाणात, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून, २० अंशांना अकरा मिनिटं लागतात, २४ला आठच्या आसपास. कुठल्याही डेव्हलपरची वेळ पाच मिनिटांखाली आली तर आभाळ डागाळतं. तेव्हा द्रावण पातळ करा. पाण्यासाठी माठ कामाला येतो: कोरड्या हवेत त्यातलं पाणी बरंच उतरतं, थर्मामीटर लावून बघा. उरलेले अंश उतरवायला बर्फ बाटल्यांभोवतीच्या टबात टाका, डेव्हलपरमध्ये नको.

बोअरच्या पाण्यात क्षार फार. शेवटची विसळणी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग न पडू देणारं द्रावण) थेंब टाकून करा आणि शीट एका कोपऱ्यानं, पंखा बंद ठेवून, मोरीतच टांगा.