वलयं दिसली म्हणजे डोंगर फुगला असं नाही

भाऊ, तू पाठवलेलं रडार-उपग्रहाचं चित्र नीट पाहिलं, दोन तारखांच्या जोडीतला जमिनीचा फरक रंगांत दाखवणारं. ज्वालामुखीभोवती तीन रंगीत वलयं, आणि खाली 'साडेआठ सेंटिमीटर वर आला'. थोडं थांब.

सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. लहर जाऊन परत येते, म्हणून एक वलय म्हणजे २.८ सेंटिमीटरची हालचाल, आणि तेही उपग्रहाच्या तिरप्या नजरेच्या रेषेत. सरळ उभं धरू नकोस. चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे) अशा दोन्ही कक्षांची चित्रं जुळव.

खरी फसगत हवेतल्या बाष्पाची. उंच डोंगरावर ते हुबेहूब अशीच वलयं काढतं. संशयाची तारीख घे. एका जोडीत ती आधीची, दुसरीत नंतरची ठेव. रंगांचा क्रम उलटला तर ते आभाळ आहे, मॅग्मा नव्हे. हे मी प्रत्येक वेळी करतो, कंटाळा न करता.

हात बसवायला आपला खान्देशच घे. सातपुड्याचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आता थंडगार. तिथं पावसाळ्यात उतारावर वलयं उमटली तर ती बहुधा बाष्पाचीच. डोळ्याला ती ओळखायची सवय लागते. रावेर-यावलच्या केळीत मात्र उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधल्या बारा दिवसांत पानं हलतात, वाढतात, आणि चित्रात नुसते ठिपके उरतात. भुसावळची घरं, रूळ स्वच्छ दिसतात. जंगलाखालच्या ज्वालामुखीला म्हणूनच २४ सेंटिमीटरच्या आसपासची लांब लहर लागते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर ती आहे.

आधी तारखांच्या जोड्या बदलून बघ, मग चित्र पुन्हा पाठव.