तणनाशक आणि हाताची थरथर

प्रश्न : माझे बाबा (वय 64) राजापूरजवळ गावी असतात. कलमांच्या बागेत वर्षानुवर्षं स्वतः पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारतात. गणपतीत गेलो तेव्हा टीव्ही बघताना त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप उचलला की थांबायचा. फवारणीमुळे असेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : कप उचलल्यावर थरथर थांबते, हे तुम्ही नेमकं टिपलंत. स्वस्थ बसलं असताना एकाच बाजूचा हात थरथरत असेल, तर पार्किन्सनची (हालचाल मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराची) शंका घ्यावी लागते. चालताना तो हात नेहमीसारखा पुढे-मागे हलतो का, सही बारीक झालीय का, तळणाऱ्या माशांचा वास त्यांना येतो का, तेही बघा.

आता तणनाशक. बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. ‘पॅराक्वाट’ असेल तर काळजीला जागा आहे. 1982 साली कॅलिफोर्नियात हेरॉइन म्हणून विकलेलं भेसळीचं कृत्रिम द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण मंडळी अचानक ताठ झाली, हलेनात. त्यातल्या एमपीटीपी नावाच्या रसायनाने मेंदूतल्या डोपामिन (हालचालीला लागणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या; पार्किन्सनमध्ये याच पेशी मरतात. शरीरात त्याचं जे विषारी रूप तयार होतं, त्याची ठेवण पॅराक्वाटशी बरीच जुळते. तिथून संशोधक या तणनाशकाच्या मागे लागले. 2011च्या एका अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. नंतरच्या मोठ्या पाहणीत मात्र संबंध इतका ठळक आला नाही. त्यामुळे बाबांना यामुळेच झालं, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही.

तरी फवारणी आजच थांबवा. माझ्या ओपीडीत कोकणातून येणाऱ्यांना मी विचारतेच. ‘थोडंसंच मारतो’ म्हणतात. मग कळतं, पंपाचं झाकण गळतं, सदरा पाठीवर ओला होतो, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात! ऐकून जीव कासावीस होतो.

बाबांना मुंबईत आणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. सोबत बाटलीचा फोटो आणा आणि फवारणीचं आपणहून सांगा, बरेच डॉक्टर विचारत नाहीत. पार्किन्सन निघाला तरी गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते, कारण काहीही असो.

उरलेलं तणनाशक पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं असेल, तर गावी आजच फोन करून ते घरातून हलवायला सांगा. पॅराक्वाटचा घोटभरही जिवावर बेततो, आणि त्यावर उतारा नाही.