डिसेंबरपर्यंत जमायलाच हवं का?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची, इंदूरला आयटीत आहे. जानेवारीत ठरवलं की यंदा डेटिंगचं सिरियसली बघायचं, महिन्याला चार जणांना भेटायचं आणि डिसेंबरपर्यंत कुणीतरी फायनल. ११ जण झाले, काही ॲपवरचे, काही आईच्या वधू-वर ग्रुपवरचे, आता प्रत्येक भेट इंटरव्ह्यू वाटते, घरी आले की रडू येतं. त्यातला एकच आवडला, तो पुण्यात असतो, इथल्या छप्पन दुकान खाऊगल्लीत पोहे खाताना त्याने विचारलं इंदूर सोडशील का, मी पोह्यांवर सेव घालत नुसतं ‘बघू’ म्हणाले. गोल ठेवणंच चुकलं का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, गोल ठेवलास ते चांगलंच केलंस, पण डिसेंबरची तारीख तुझ्या एकटीच्या हातातली नाहीये ना, समोरच्याचा होकार तारीख घालून कसा मिळेल? आपण काय करणार तेवढंच ठरवायचं. चार नको, महिन्याला एक नवा माणूस पुरे, आणि जो बरा वाटेल त्याला दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा भेट, पहिल्या भेटीत सगळेच इस्त्रीचं बोलतात. छप्पनला दिवसा भेटतेस ते उत्तम, गर्दी असते, पटलं नाही तर पटकन उठता येतं. सराफा नंतर कधीतरी, तिथे रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात, त्या गर्दीत भुट्ट्याचा कीस सांभाळू की बोलू असं होतं. ॲपवरच्याशी आधी व्हिडिओ कॉल कर. भेटण्याआधीच पैसे मागणारा लगेच ब्लॉक, आणि चुकून दिलेच असतील तर लाजू नको, ताबडतोब १९३० वर फोन कर, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे.

पण मला खरी काळजी त्या ‘बघू’ची वाटते. पगार, उंची, पत्रिका बायोडेटात असतेच, तुला इंदूर सोडायचंय का, आई-बाबांचं पुढे कोण बघणार, मूल हवंय का, हे तुझं तुलाच अजून ठरवायचंय असं वाटतं. महिनाभर ॲप बंद ठेव, आईलाही सांग की ग्रुपवर बायोडेटा टाकू नको, आणि ही तीन उत्तरं वहीत लिही, आईला आवडतील अशी नाही, खरी. यापुढे गोल एकच, तिसऱ्या भेटीच्या आत हे तिन्ही विषय आपणहून काढायचे.

पुण्याच्या मुलाला मात्र महिनाभर ताटकळत ठेवू नको. आजच कळव की तुझा प्रश्न मी टाळला होता, मला विचार करायला दोन आठवडे दे, मग मीच फोन करते.