लॉबस्टर शेपटी वाकवलेली किंवा ताणलेली कशी धरून ठेवतो?

आपण जिला शेपटी म्हणतो, ते त्याचं खंडांचं पोट. प्रत्येक खंडात वाकवणारे आणि ताणणारे संथ स्नायू असतात. पवित्रा टिकवणं हे त्यांचंच काम. क्रेफिश या त्याच्या भाऊबंदात खंडाच्या एका बाजूच्या वाकवणाऱ्या संथ स्नायूला अवघ्या ६ चेतापेशी पुरतात: ५ आकुंचन घडवणाऱ्या, १ रोखणारी. इतक्या कमी! म्हणूनच अभ्यासाला हा प्राणी सोन्यासारखा.

मला सर्वांत थक्क करतं ते चेतापेशींवर परिणाम करणाऱ्या सेरोटोनिन, ऑक्टोपामिन या रसायनांचं काम. लॉबस्टरला सेरोटोनिन टोचलं की तो पायांच्या टोकांवर उंच उभा राहतो, शेपटी आत वळवून, भांडायला सज्ज असल्यासारखा. ऑक्टोपामिन टोचलं तर नेमकं उलट, पाय-शेपटी ताणलेली. स्नायू तेच असतात, बदलतं ते कोणत्या चेतापेशी चेततात एवढंच. वाकवणाऱ्या चेतापेशी चेतल्या की ताणणाऱ्या शांत होतात.